आधी हात मिळवायला लावू नका

मी मिटवलेलं पहिलं भांडण १९९८ मधलं. ते मी असं मिटवलं की पुढची चार वर्षं ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. डिस्पॅचमधले दोघे होते. गाडी कुणी आधी भरायची यावरून आवाज चढले आणि मला बोलावणं आलं. मी तेव्हा पंचविशीतली, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून नुकतीच लागलेली. दोघांना समोरासमोर उभं केलं आणि म्हटलं, "झालं गेलं विसरा, हात मिळवा." सगळ्या खात्यादेखत त्यांनी हात मिळवले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून एकाला हवी असलेली चलनं दुसऱ्याला सापडेनाशी झाली. उघड भांडत होते तोवर भांडण निदान दिसत तरी होतं.

पुढे भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत चोवीस वर्षं कामगार कल्याण अधिकारी होते. पाचशे किंवा जास्त कामगार असले की १९४८ च्या कारखाना अधिनियमाप्रमाणे असा अधिकारी ठेवावा लागायचा, म्हणून मला ठेवलेलं. कँटीनच्या आमटीपासून कुणाच्या पोराच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळं माझ्याकडे यायचं, आणि भांडणं तर यायचीच. त्यातून जे शिकले ते नव्याने सुपरवायझर झालेल्यांसाठी आणि एचआरमध्ये नुकत्याच लागलेल्यांसाठी लिहिते आहे. ऑफिसातल्यांनाही चालेल. तिथे मशीनच्या जागी एक्सेल शीट असते, एवढंच.

मधे पडण्याआधी

हे आपलं काम आहे का, ते आधी बघा. लैंगिक छळाची तक्रार असेल तर चहा पाजून समेट घडवायचा तुम्हाला अधिकारच नाही. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असायला हवी, आणि तक्रार तिच्याकडे जायला हवी. समेटाची सोय त्या कायद्यातही आहे, पण तो समिती करते, चौकशी सुरू होण्याआधी, तक्रार करणाऱ्या बाईने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या बोलीवर तर नाहीच. एवढं ठासून सांगते, कारण "मॅडम, आपल्या खात्यातली बाब आहे, तुम्ही जरा तिला समजवा ना" हे मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. जातीवरून कुणी कुणाला बोललं असेल तर तेही चहावर मिटवायचं प्रकरण नव्हे, तो गुन्हा ठरू शकतो. हात उचलला गेला असेल तर रीतसर चौकशी.

तक्रार सहकाऱ्याबद्दल नसून कंपनीबद्दल असेल, म्हणजे रजा कापली, बढती डावलली, तर त्यासाठी तक्रार निवारण समिती असते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आहे. तिच्याप्रमाणे वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे ही समिती लागते. मालकाची आणि कामगारांची माणसं सारखी, मिळून दहाच्या वर नाहीत, आणि अर्ज आल्यापासून ३० दिवसांत काम उरकायचं. निकाल पटला नाही तर कामगाराला युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. बऱ्याच कंपन्यांत ही समिती नोटीस बोर्डावरच्या एका कागदात राहते. तुमच्याकडे तिच्यात कोण आहे ते आज बघून ठेवा.

शेवटचं म्हणजे, तुम्ही त्या दोघांपैकी एकाची रजा मंजूर करत असाल किंवा त्याच्या गावचे असाल, तर दुसरा कुणीतरी शोधा. तुम्ही कितीही सरळ वागलात तरी दुसऱ्याला ते तसं दिसणार नाही.

आबा आणि दादा

यात न बसणारी, रोजची, चिवट भांडणं मात्र तुमचीच. त्यातलं एक सविस्तर सांगते. शॉपवर दोघांना आबा आणि दादा म्हणायचे, मीही तेच म्हणते.

सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, एकच, तीन पाळ्या. पाळ्यांचं चक्र असं की आबा सुटले की मशीनवर नेहमी दादाच यायचा. आबा बावन्न वर्षांचे, हाताने चालवायच्या लेथवर शिकून सीएनसीवर आलेले. दादा आयटीआय झालेला, सव्विशीचा, हुशार आणि तोंडाळ. जॉबला, म्हणजे घडवायच्या तुकड्याला, ३५ मिलिमीटरचं बोअर (आतलं गोल भोक) होतं. त्यात जास्तीत जास्त २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूट, तीही वरच्या बाजूला. म्हणजे ३५.०२५ च्या पुढे गेलं की जॉब भंगारात. बोअर लहान राहिलं तर पुन्हा कापता येतं, मोठं झालेलं बोअर कोण लहान करणार?

इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत जातो तसं बोअर लहान येऊ लागतं, म्हणून ऑपरेटर थोडा थोडा ऑफसेट, म्हणजे मापाची भरपाई, देत जातो. त्या दिवशी आबांनी पाळीभरात एकूण ४० मायक्रॉन दिले होते आणि लॉगबुकात एक आकडाही लिहिला नव्हता. दादाने आल्या आल्या झिजलेला इन्सर्ट बदलला, ऑफसेट तसाच ठेवला आणि मशीन चालू केलं. पहिला जॉब मोजायला हवा होता, तो त्याने मोजला नाही. पाच जॉब भंगाराच्या लाल पेटीत गेले. "लिहून ठेवायला काय होतं?" हा दादाचा सवाल. "नवा इन्सर्ट लावल्यावर ऑफसेट बघायचा असतो हे आयटीआयत शिकवत नाहीत का?" हा आबांचा. खरं तर दोघांचंही बरोबर होतं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर माझ्यापर्यंत आलंच नसतं. दुसऱ्या दिवशी दादाने मशीनखाली साचलेल्या चिप्सचा (कापलेल्या धातूच्या तुकड्यांचा) फोटो काढून लाईनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली ओळ: "सिनियर लोकांचं काम बघा." त्याखाली अकरा हसरे चेहरे. त्या दिवसापासून आबांनी लॉगबुकाला हात लावायचं सोडलं आणि दादाने त्यांच्याकडे बघायचं.

आधी एकेकट्याला भेटा

दोघांना एकत्र बसवायची घाई करू नका. १९९८ ला मी तीच केली होती. आधी दोघांना वेगवेगळं भेटा. एकाला दहा मिनिटं आणि दुसऱ्याला तासभर असंही करू नका, कुणाला किती वेळ दिला ते सगळी लाईन मोजत असते.

जागा काचेची केबिन नको, तिथे बसलेला माणूस सगळ्यांना आरोपी वाटतो. मी ट्रेनिंग रूम घ्यायचे. टेबलाच्या पलीकडे न बसता कोपऱ्याला काटकोनात बसायचं. वेळ पाळीतलीच घ्या आणि सुपरवायझरकडून बदली माणूस आधी मागून ठेवा. पाळी सुटल्यावर बोलावलंत तर त्याचं निम्मं लक्ष बसकडे असतं.

आता जे सांगते ते मला कुठल्याही ट्रेनिंगात कुणी सांगितलं नाही. मराठीत मध्यस्थी करताना 'तू' आणि 'तुम्ही' ही मोठी भानगड आहे. आबांना मी सहज 'तुम्ही' म्हणणार आणि दादाला सहज 'तू'. तिथेच दादाच्या मनात निकाल लागतो: मॅडम म्हाताऱ्याच्या बाजूने. म्हणून भांडणाचं बोलणं चाललं असेल तेव्हा दोघांनाही 'तुम्ही'. रोज 'अरे' म्हणत असाल तरी त्या तासाला 'तुम्ही'. दादाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो दचकून नीट बसला. दोघांपैकी एक बिहारचा किंवा ओडिशाचा असेल तर एकत्र बसल्यावर सगळंच हिंदीत बोला, मराठीवाल्याशीसुद्धा. मधेच एकाशी मराठीत बोललात की दुसऱ्याला वाटतं आपल्यामागे काहीतरी शिजतंय.

बोलणं सुरू करताना दोन गोष्टी सांगून टाकते. एक, इथे बोललेलं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर मात्र मी गप्प बसणार नाही. दोन, कोण चूक कोण बरोबर हे मी सांगणार नाही. दुसऱ्या गोष्टीवर कुणाचा विश्वास बसत नाही. आपल्याकडे मधे पडणारा माणूस म्हणजे पंच, आणि पंच निवाडा देणार, ही समजूत पक्की. तो न देणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड. तुम्ही निवाडा दिलात तर हरलेला माणूस ती हार मशीनवर घेऊन जातो.

मग विचारायचं काय? 'का केलंत?' हे नको. 'का' विचारलं की माणूस वकील होतो. काय झालं, कधी झालं, तेव्हा तिथे कोण होतं, मग तुम्ही काय केलंत, असं विचारा. "तो नेहमीच मशीन घाण सोडतो" असं आलं की "शेवटचं कधी सोडलं होतं?" म्हणून विचारायचं. 'नेहमी' आणि 'कधीच नाही' हे शब्द तारखेवर आणले की अर्धी हवा निघून जाते. आणि बोलणं चालू आहे तोवर या विषयावर ग्रुपवर काही टाकणार नाही, हे दोघांकडून कबूल करून घ्या.

आबा पहिली वीस मिनिटं चिप्स आणि कूलंटबद्दलच बोलले. मग गप्प झाले. मीही गप्प राहिले. नव्या माणसाला शांतता सोसत नाही, तो लगेच पुढचा प्रश्न टाकतो. तो टाकू नका. बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "ताई, स्क्रीनवरचे आकडे हल्ली दोनदा बघावे लागतात. मायक्रोमीटरचं तेच. लिहायला घेतलं तर लॉगबुकाच्या रेघा दिसत नाहीत. हे कुठं बोलू नका. कळलं तर मला पॅकिंगला टाकतील."

लॉगबुक का कोरं होतं ते तेव्हा कळलं. त्यात खोडी नव्हती, आळसही नव्हता, डोळ्यांचा नंबर होता. आणि दादाच्या त्या 'सिनियर लोकांचं काम' ने नेमकं तिथेच बोट ठेवलेलं, त्याला स्वतःला काही माहीत नसताना.

माझी मात्र पंचाईत झाली. भांडणाची किल्ली हातात आली, पण ती वापरायची परवानगी नाही. मी आबांना विचारलं, दादाला सांगू का? नको म्हणाले. मग विषय तिथेच संपला. अशा वेळी 'त्यांच्या भल्यासाठीच' म्हणून सांगून टाकायचा मोह होतो. एकदा जरी सांगितलंत तरी त्या कारखान्यात तुमच्याशी पुन्हा कुणी खरं बोलणार नाही.

स्वतः जाऊन बघा

दोघांचं ऐकून झालं की एकत्र बसवण्याआधी जिथे भांडण होतं तिथे जाऊन उभं राहा. मी दोन दिवस पाळी बदलताना त्या मशीनजवळ वही घेऊन उभी राहिले. पहिली पाळी ३:३० ला सुटायची. आबांनी शेवटचा जॉब ३:२४ ला लावला, ३:२९ ला काढला, हात पुसत पंचिंगकडे पळाले. त्यांची बस ३:४० ला. दादाची बस आली होती, पण कँटीनचा चहा घेऊन तो मशीनवर पोचला ३:३५ ला. दोन्ही दिवस हेच. दोघांची गाठच पडत नव्हती! आधी दहा मिनिटं मशीन पुसायला मिळायची, ती दीड वर्षापूर्वी टार्गेट वाढवलं तेव्हा गेली, हे सुपरवायझरने विचारल्यावर सांगितलं. म्हणजे भांडणात तिसरा एक जण होता, आणि तो म्हणजे टार्गेट. माझा अनुभव असा की शॉपवरच्या निम्म्याहून जास्त भांडणांत असा कुणीतरी न दिसणारा तिसरा असतो. सामायिक टूल ट्रॉली असेल, सहा जणांत एक एअर गेज असेल, नाहीतर सगळ्यांनाच दिवाळीत हवी असलेली रजा.

त्यामुळे एकत्र बसण्याआधी मी प्रॉडक्शन मॅनेजरकडे गेले. जॉबला पाच मिनिटं, दहा मिनिटं द्यायची तर पाळीला दोन जॉब कमी. "महिन्याला पन्नास जॉब कोण भरून देणार?" त्यांचंही खरं होतं. एवढंच कबूल करून घेतलं की दोघांनी काही सुचवलं तर महिनाभर करून बघू. असं काही आधी हातात ठेवा, नाहीतर दोघं एकमताने काहीतरी ठरवतात आणि वरून 'जमणार नाही' येतं. मग दोघं मिळून तुमच्यावर चिडतात. (तीही एक प्रकारची एकी म्हणा.)

एकत्र बसताना

एकत्र बसल्यावर माझा नियम एकच. एकाचं बोलून होईपर्यंत दुसऱ्याने ऐकायचं, आणि मग तो काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचं. पटलं पाहिजे असं नाही, नीट सांगता आलं पाहिजे. मोठ्या माणसांना हे शाळेसारखं वाटतं. वाटू द्या.

आबांचं ऐकून दादा म्हणाला, "आबा म्हणतात, मी त्यांना ग्रुपवर चिडवलं."

आबा म्हणाले, "चिडवलं नाही. म्हातारा ठरवलं."

खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मी वहीत खाली बघत बसले.

"फोटो मी टाकला," दादा म्हणाला. "हसणारे चेहरे माझे नव्हते."

"पण फोटो तुझा होता."

"हो. काढून टाकू का?"

"आता काढून काय करतोस."

थोड्या वेळाने चहा आला. दादाने उठून पहिला कप आबांपुढे सरकवला. शॉपवरची पुरुष माणसं 'माफ करा' म्हणत नाहीत. कप सरकवतात, तंबाखूची पुडी पुढे करतात, नाहीतर "जेवलात का?" विचारतात. ते ओळखा आणि तिथेच थांबा. "म्हणजे तुम्ही माफी मागताय ना?" असं विचारून त्याची माती करू नका.

चहानंतर कामाचं बोलणं सुरू झालं. दहा मिनिटं कुठून आणायची? मी दोन उपाय मनात घोळवून गेले होते, ते तसेच मनात ठेवले. दादाच म्हणाला, "शेवटचा जॉब लावला की पाच मिनिटं मशीन कापत असतं, माणूस मोकळा असतो. तेव्हाच लिहून झालं तर?" आबांनी भर घातली की खालच्या चिप्सही तेवढ्यात ओढून होतात. मग एकच जॉब कमी करून भागत होतं. आणि लिहायचं कुठे, हा विषय आला तेव्हा मी सगळ्या बैठकीत एकदाच काहीतरी सुचवलं: लॉगबुकाऐवजी मशीनला पांढरा बोर्ड लावू, त्यावर मार्करने मोठ्या आकड्यांत ऑफसेट लिहायचा, म्हणजे येणाऱ्याला लांबूनच दिसेल. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. दादालाही आवडलं, त्याचं कारण वेगळं होतं.

कागदावर काय लिहायचं

ठरलेलं लिहून घ्या, पण एका पानाच्या वर नको, आणि 'परस्परांचा आदर राखतील' असली वाक्यं नकोत. आदर राखला की नाही हे कसं मोजणार? आमच्या कागदावर चारच ओळी होत्या. पाळी सुटायच्या दहा मिनिटं आधी शेवटचा जॉब लागेल, टार्गेट एकाने कमी. जाणारा माणूस बोर्डावर ऑफसेट आणि इन्सर्टवर झालेले जॉब लिहील. येणारा पाळीच्या पाच मिनिटं आधी मशीनवर येईल आणि पहिला जॉब मोजून आकडा त्याच बोर्डावर लिहील. मशीनबद्दलची तक्रार सुपरवायझरला सांगायची, ग्रुपवर नाही. खाली दोघांच्या सह्या, सुपरवायझरची सही, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बसायची तारीख. झालेल्या चुकीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

कुणाचंच नाक कापलं जाणार नाही हे बघा. अहमदाबादच्या गिरणी संपाची मला यासाठी फार आठवण होते. १९१८ साली कामगार ३५ टक्के वाढीवर अडून बसलेले, गांधीजींच्या साक्षीने तशी शपथ घेतलेली, आणि मालक २० टक्क्यांच्या वर जायला तयार नाहीत. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. तोड निघाली ती अशी: पहिल्या दिवशी ३५ टक्के, म्हणजे कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी २०, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून लवाद निकाल देईपर्यंत मधले साडेसत्तावीस. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्केच दिले. पण त्या पहिल्या दोन दिवसांच्या हिशोबाशिवाय कुणी गेटच्या आत आलं असतं असं मला वाटत नाही. आमच्या कागदावर 'जाणारा' आणि 'येणारा' असे शब्द होते, आबा आणि दादा ही नावं नव्हती, तेही एवढ्याचसाठी.

डोळ्यांचं मी वेगळं मार्गी लावलं. महिनाभरात सगळ्या शॉपसाठी नेत्रतपासणीचं शिबिर ठेवलं, अगदी ऑफिसमधल्यांसकट. रांगेत आबा एकटे नव्हते. चष्मा निघाला, आणि निघालेलेही ते एकटे नव्हते.

सहीनंतरचे पंधरा दिवस

बहुतेक समेट सह्या झाल्यावर मोडतात, कारण मधे पडणारा सही घेऊन खुशीत निघून जातो. रोज त्या मशीनवरून एक चक्कर मारा. काही विचारू नका, नुसतं बघत जा. मी बोर्ड बघायचे. पहिले नऊ दिवस आकडे होते, आबांचे ठसठशीत आणि दादाचे तिरके. दहाव्या दिवशी बोर्ड कोरा. अकराव्या दिवशीही कोरा.

माझ्या पोटात गोळा आला. डिस्पॅचची ती न सापडणारी चलनं आठवली. सुपरवायझरला विचारावं की आबांना एकटं गाठावं, असा विचार करत मशीनपाशी गेले. दुसऱ्या पाळीला पाचच मिनिटं उरली होती आणि दोघंही तिथे उभे होते. दादाने खिशातून मार्कर काढून माझ्यासमोर बोर्डावर ओढून दाखवला. नुसती कोरडी रेघ. दोन दिवस ते एकमेकांना आकडे तोंडीच सांगत होते आणि स्टोअरवाला इंडेंटशिवाय, म्हणजे सही केलेल्या मागणीच्या कागदाशिवाय, मार्कर देत नव्हता.

इंडेंटवर मी सही केली आणि दोन मार्कर मागितले, एक काळा आणि एक निळा.